पदवीचे नाव आणि पदवीचा पाया

संगणकीय भौतिकशास्त्रासाठी नव्या नावाची पदवी लागत नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणन हे तिन्ही एकाच विद्यार्थ्याला, त्याच्या आवाक्यातल्या महाविद्यालयात शिकता यावे लागते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत तेच अवघड आहे.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघर आहे. तिथून जवळच, नाणेघाटातल्या लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात खोदलेले आहेत आणि भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. याच तालुक्याच्या पूर्व भागात खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. अंक खोदण्यापासून अंकांनी आकाश वाचण्यापर्यंतचा दोन हजार वर्षांचा प्रवास एका तालुक्यात मावतो. तरीही घाटघरच्या एखाद्या मुलाने वा मुलीने बारावीनंतर ‘खोडदला जे काम चालते ते करायचे तर कोणती पदवी घेऊ?’ असे विचारले, तर त्याला नीट उत्तर क्वचितच मिळते. ‘कॉम्प्युटरला जा’ किंवा ‘साधी बीएस्सी कर’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

खोडदचे काम म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. त्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात आणि 16 तीन दिशांना सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. या तिसांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांची सांगड सतत घालावी लागते. दुर्बिणीचे अलीकडे अद्ययावतीकरण झाले. आता 400 मेगाहर्ट्झपर्यंतचा कंप्रतापट्टा एकाच वेळी टिपता येतो. प्रत्येक अँटेनाकडून दोन ध्रुवीकरणांचे संकेत येतात, म्हणजे एकूण साठ. त्या सगळ्यांचे मिळून सेकंदाला 4,800 कोटी नमुने घ्यावे लागतात. त्यांतून आकाशाचे चित्र काढायचे काम फूरिये रूपांतर, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र करते. खोडदच्या अँटेना दिसतात लोखंडाच्या, पण त्यांनी टिपलेले आकाश दिसते ते गणनेतून. जून 2023 मध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी स्पंदकांच्या निरीक्षणांतून अतिशय कमी कंप्रतेच्या गुरुत्वीय लहरींच्या गुंजनाचा पुरावा मांडला, त्यात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता. सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक जीएमआरटीच्या कामासाठी आहे.

हे शास्त्र केवळ ताऱ्यांपुरते नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासंगणकावर मान्सूनची प्रारूपे चालवली जातात. घाटघरची भातलावणी आणि नारायणगावच्या परिसरातला टोमॅटो ज्या पावसावर अवलंबून आहे, त्याचा अंदाज भौतिकशास्त्राची समीकरणे संगणकावर सोडवूनच बांधला जातो. पृथ्वीच्या हवामानाचे संगणकीय प्रारूप मांडणारे स्युकुरो मनाबे यांना 2021 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच वाटेवरच्या कामासाठी.

मग यासाठी पदवीला काय शिकलेले असावे? हैदराबादेत 1927 मध्ये जन्मलेल्या अनीसुर रहमान यांचे उदाहरण घ्यावे. द्रवरूप आरगॉनच्या 864 अणूंची हालचाल त्यांनी 1964 मध्ये संगणकावर गणून दाखवली आणि रेणूंच्या गतीच्या संगणकीय अभ्यासाला नवी दिशा दिली. अमेरिकेच्या भौतिकशास्त्र संघटनेचा संगणकीय भौतिकशास्त्रातला पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. केंब्रिजला त्यांनी अभ्यासले ते भौतिकशास्त्र आणि गणित. संगणकाची पदवी त्या काळी नव्हतीच. त्यांची वाट आजही चुकीची ठरलेली नाही. तिच्यात संगणनाचे पद्धतशीर शिक्षण तेवढे जोडायचे आहे.

भौतिकशास्त्र आधी का, याचे उत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षात करता येईल अशा एका छोट्या प्रयोगात मिळते. सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची कक्षा ऑयलरच्या सर्वांत सोप्या रीतीने संगणकावर काढली, तर प्रत्येक फेरीला पृथ्वी थोडी थोडी बाहेर सरकत जाते. आज्ञावलीत चूक नसते, संगणक तक्रार करत नाही, पडद्यावर सुबक वर्तुळे उमटत राहतात. ऊर्जा अक्षय्य राहिली पाहिजे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच हे उत्तर खोटे असल्याचे कळते. रीत का फसली आणि कोणती रीत घ्यावी, हे ज्याने अवकल समीकरणे शिकली आहेत तो सांगू शकतो. आणि ती नवी रीत स्वतः लिहून, तपासून पाहण्यासाठी पायथॉन, सी किंवा फोरट्रान हाताखाली लागते. तिन्ही विषय का हवेत, हे याहून वेगळे सांगण्याची गरज नाही.

पण आपल्या व्यवस्थेत हे तिन्ही विषय एकत्र येत नाहीत. पहिली अडचण अकरावीतच उभी राहते. विज्ञान शाखेत गणित ऐच्छिक असल्याने, गुणांच्या भीतीने किंवा वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने, अनेक मुले ते सोडून देतात. असे केल्याने पुढची कोणती वाट बंद होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरी अडचण पदवीच्या नावाची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्समध्ये संगणक, गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र हे विषय चालत आले. भौतिकशास्त्राला त्यात जागा नाही. उलट, एमएस्सी भौतिकशास्त्राच्या प्रवेशासाठी पदवीला भौतिकशास्त्र आणि त्यासोबत काही सत्रे गणित झालेले असावे, अशी अट अनेक नामवंत संस्था घालतात. शिवाय संगणकाचे अभ्यासक्रम बहुतेक महाविद्यालयांत विनाअनुदानित असल्याने त्यांचे शुल्क जास्त. म्हणजे जास्त पैसे भरून विद्यार्थी ज्या दारात पोहोचतो, तिथे त्याला हवे ते शास्त्र नसतेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने यावर कागदोपत्री उपाय दिला आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालेल्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक आहेत आणि त्यांत मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य अभ्यासक्रम, प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना स्वतंत्र जागा आहे. भौतिकशास्त्र मुख्य, गणित गौण आणि कौशल्याच्या श्रेयांकांत संगणकीय रीती अशी जुळणी केली, तर वेगळी पदवी न काढताही संगणकीय भौतिकशास्त्राचा भक्कम पाया तयार होतो. ऑस्लो विद्यापीठाने 2003 पासून नेमके हेच केले. नवी पदवी न घडवता पहिल्याच सत्रापासून गणित आणि भौतिकशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमांत संगणन मुरवले. पुणे विद्यापीठानेही प्रतिरूपण आणि सादृशीकरणाचे स्वतंत्र केंद्र दोन दशकांपूर्वीच उभारले. पण ते शिक्षण पदव्युत्तर पातळीवरचे आहे. पाया नसलेला विद्यार्थी तिथवर पोहोचत नाही.

ग्रामीण महाविद्यालयात मात्र निवड करण्याजोगे फारसे काही असत नाही. विषयाचा शिक्षक असेल तरच विषय. रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, तासिका तत्त्वावर काम भागवले जाते आणि गौण विषयाची यादी उपलब्ध माणसे पाहून ठरते. संशोधनासह ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. ते मिळवूनही आपल्या महाविद्यालयात मार्गदर्शक नाही म्हणून घाटघरच्या मुलीला पुण्याला जावे लागणार असेल, तर राहण्याखाण्याचा खर्च हीच तिची खरी प्रवेशपरीक्षा ठरते.

यातले बरेच काही आहे त्या साधनांत सुधारता येईल. जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील महाविद्यालयांनी एकत्र यावे. एकाकडे गणिताचा शिक्षक, दुसऱ्याकडे संगणकाची प्रयोगशाळा असेल, तर विद्यापीठाने त्यांचे श्रेयांक परस्परांत ग्राह्य धरावेत. ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या अभ्यासक्रमांतून 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा नियमांत आहे. संगणकीय रीतींसाठी ती वापरावी आणि शंका सोडवायला समोर एक शिक्षक ठेवावा. लिनक्स आणि पायथॉन फुकट मिळतात, मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात मराठीतूनही धडे आहेत. जीएमआरटीच्या निरीक्षणांची माहिती ठराविक काळानंतर सर्वांना खुली होते. प्रकल्पासाठी याहून चांगली सामग्री कुठे मिळणार? राष्ट्रीय विज्ञानदिनी खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनाला तालुक्यातली मुले मोठ्या संख्येने जातात. त्यांच्यापैकी निवडक पदवी विद्यार्थ्यांना दरवर्षी तिथेच श्रेयांकांसह प्रशिक्षण मिळावे, असा करार विद्यापीठाने पुढाकार घेऊन करावा. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाने वसतिगृहाचा किंवा ‘स्वयम्’ याच नावाच्या वेगळ्या निर्वाहभत्ता योजनेचा लाभ अशा आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत प्रवेशाच्या वेळीच पोहोचवावा, सत्र संपताना नव्हे.

पालकांना आणि विद्यार्थ्यांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे. अकरावीला गणित सोडू नका. जाहिरातीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नव्या नावांना भुलून भौतिकशास्त्राचा हात सोडू नका. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारा: भौतिकशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळेल का, गणित गौण म्हणून मिळेल का, आणि संगणकावर स्वतः आज्ञावली लिहायला प्रत्येक सत्रात तास आहेत का? तिन्हीला ‘हो’ असेल, तर पदवीचे नाव काय याची चिंता करू नका. आणि तिन्हीला ‘हो’ म्हणू शकेल असे निदान एक तरी महाविद्यालय प्रत्येक तालुक्यात असावे, ही जबाबदारी विद्यापीठाची आणि राज्य सरकारची आहे. येत्या प्रवेशांपूर्वी ती त्यांनी पार पाडावी.