वाटाही हवा, कसोटीही हवी

अमेरिकेतील फेअरफॅक्स काउंटीच्या थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे आपणा सर्वांच्या तोंडी असलेले ‘टीजे’, याच्या प्रवेशपद्धतीवरून आपल्या समाजात जे दोन तट पडले आहेत, त्यांपैकी प्रत्येकाच्या पदरी अर्धे सत्य आहे, आणि तेच पूर्ण सत्य असल्याचा दोघांचाही आग्रह आहे, असे माझे नम्र मत आहे.

१९८५ साली स्थापन झालेल्या या सरकारी विद्यालयात लाउडन, प्रिन्स विल्यम आणि आर्लिंग्टन येथूनही विद्यार्थी येतात. नववीत जीवशास्त्र, इंग्रजी व तंत्रज्ञान हे विषय एकमेकांत गुंफून शिकविले जातात, आणि बारावीत खगोलशास्त्र, सागरविज्ञान, मज्जासंस्थाशास्त्र, रोबोटिक्स अशा एखाद्या विषयात विद्यार्थ्याला स्वतंत्र संशोधन करावे लागते. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला पहिला उपग्रह नोव्हेंबर २०१३ मध्ये अवकाशात गेला, तो याच विद्यालयाचा. असे दुर्मीळ शिक्षण ज्या अर्थी सार्वजनिक तिजोरीतून दिले जाते, त्या अर्थी ते कोणाला मिळावे, हा प्रश्न अर्जदारांच्या आईवडिलांपुरता खासगी राहू शकत नाही.

२०२० सालच्या अखेरीस स्कूल बोर्डाने प्रवेशपरीक्षा आणि शंभर डॉलरांची अर्जाची फी, दोन्ही रद्द केली. प्रत्येक मिडल स्कूलला तेथील आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा मुक्रर करून दिल्या. आणि निवडीसाठी शालेय गुण, निबंधवजा उत्तरे व विद्यार्थ्याची परिस्थिती यांचा विचार करण्याचे ठरविले. पहिल्याच वर्षी आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आले, आणि अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांचे प्रमाण, जे एक टक्काही नव्हते, ते एकदम २५ टक्क्यांवर गेले. काही पालकांनी न्यायालयात दाद मागितली. जिल्हा न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु मे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरविला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. त्या खटल्यापुरता कायद्याचा प्रश्न तेथे मिटला; इष्टानिष्टतेचा मात्र शिल्लक आहे.

शाळावार वाटा हा अन्याय आहे, हे आपल्यातील पुष्कळांचे म्हणणे मला पटत नाही. ज्या परीक्षेची तयारी महागड्या खासगी शिकवण्यांत होते आणि जिच्या निकालात मूठभर मिडल स्कूलांचाच वर्षानुवर्षे वरचष्मा राहतो, ती बुद्धीबरोबर घरच्या ऐपतीचीही मोजदाद करते, हे ज्यांनी त्या शिकवण्यांची फी भरली आहे त्यांना निराळे सांगावयास नको. तथापि, परीक्षा सदोष आहे म्हणून तिला मुळासकट उपटून टाकावे, हाही विचार अविवेकाचाच आहे. शाळेशाळेतील गुण देण्याची रीत भिन्न असते, आणि निबंधाला मागून कोणाचा हात लागला हे तपासणाऱ्याला कळत नाही. तेव्हा ज्या गरीब पण तल्लख मुलाचा कैवार आपण घेत आहोत, त्याच्या हातून स्वतःची योग्यता निर्विवाद सिद्ध करण्याचे एक साधनच आपण काढून घेतो.

वाटा आणि कसोटी यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण नाही, आणि याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. टीजे सुरू झाले त्याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, भारत सरकारने पहिली दोन नवोदय विद्यालये प्रायोगिक तत्त्वावर काढली. त्यांतील एक अमरावती जिल्ह्याच्या वाट्यास आले. नवोदयचा प्रवेश परीक्षेनेच होतो. पण ती मराठीतूनही देता येते, विद्यालय ज्या जिल्ह्याचे त्या जिल्ह्यातीलच मुले तिला बसतात, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखून ठेवलेल्या असतात. खेड्यातील मुलाची चुरस शहरातील शिकवणीच्या मुलाशी न लावता त्याच्यासारख्याच परिस्थितीतील मुलांशी लावली, की परीक्षा पक्षपाती राहत नाही आणि वाटाही मेहेरबानी ठरत नाही.

हाच न्याय टीजेला लावावा: दीड टक्क्याचा शाळावार वाटा कायम असावा, आणि त्या वाट्यातील निवडीसाठी शाळेच्या वेळेत, शाळेतच, विनामूल्य घेतलेली परीक्षा इतर निकषांच्या जोडीला पुन्हा आणावी. आपल्यापैकी ज्यांना केवळ जुनी परीक्षा परत हवी आहे त्यांनी, आणि ज्यांना परीक्षेचे नावही नको आहे त्यांनीही, स्कूल बोर्डाच्या पुढील सभेत ही मागणी एकत्र मांडावी, अशी माझी विनंती आहे.