कोरी पाटी आणि आपली माणसे

नातवंडे कोणती पुस्तके वाचतात, याकडे आजी-आजोबांनी अधूनमधून लक्ष द्यावे. त्यात कधी आपल्याही कामाचे काही सापडते. टेरी टेरी यांची ‘स्लेटेड’ ही कुमारांसाठीची कादंबरी २०१२ साली आली आणि तिचा पुढचा भाग ‘फ्रॅक्चर्ड’ २०१३ साली. भविष्यकाळातील ब्रिटनमध्ये घडणारी ही थरारकथा आहे. तेथील शासन अल्पवयीन गुन्हेगारांची स्मृती पाटी पुसावी तशी पुसते आणि त्यांना नवे नाव, नवे कुटुंब देते. सोळा वर्षांची कायला त्यांपैकीच एक. मनगटावरचे ‘लेव्हो’ नावाचे यंत्र तिची मनःस्थिती सतत मोजत असते.

दुसऱ्या भागात तिला भूतकाळाचे तुकडे आठवू लागतात. शासनाला ती आज्ञाधारक मुलगी म्हणून हवी असते, तर निको नावाच्या बंडखोराला आपली जुनी साथीदार म्हणून. ती कोण, हे ठरवण्याची घाई इतरांनाच अधिक.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या घरात पाटी पुसणारा शासक नसतो. तेथे आजार असतो. परंतु ‘ओळखा पाहू, मी कोण?’ असे आपण वारंवार विचारतो, तेव्हा नकळत तिची परीक्षाच घेत असतो. उत्तर न आल्यास ती व्यक्ती खजील होते किंवा चिडते. त्यापेक्षा ‘आई, मी सुधा, तुमची सून, चहा आणला आहे’ असे सांगणे हिताचे.

स्मृती ही एकच पेटी नसते. १९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या मनात टिकेनात. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आदल्या दिवशीचा सराव त्यांना आठवत नसे, तरी हात दिवसेंदिवस सुधारत गेला. म्हणूनच नावे विसरलेली आजीही शेंगा सोलू शकते, वाती वळू शकते, भजनात टाळ धरू शकते. अशी कामे तिच्या हातून काढून घेऊ नयेत.

भावनांचेही तसेच. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना आनंदी व दुःखी चित्रफिती दाखवल्या. चित्रफितीतील तपशील ते विसरले, भावना मात्र मागे रेंगाळली. रागावून बोललेला शब्द विसरला जाईल, त्याने दुखावलेले मन लगेच सावरेलच असे नाही. मायेने घालवलेल्या अर्ध्या तासाचेही तसेच आहे. तो वाया जात नाही.

कायलाचे यंत्र मनाची पातळी मोजते, कारण विचारत नाही. आपण कारण शोधावे. रुग्ण अचानक अस्वस्थ किंवा गोंधळलेला दिसल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वेदना, शरीरातील पाणी कमी होणे वा नवे औषध यांपैकी काही असू शकते. अशा वेळी त्वरित डॉक्टरांना दाखवावे. विस्मरण वाढत असल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही ते होते व त्यांवर उपचार आहेत.

ज्येष्ठ वाचकांसाठी एक सूचना. एक वही घ्यावी. आपले गाव, शाळा, पहिली नोकरी, आवडीची गाणी, चहात साखर किती, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाची भीती वाटते, हे सारे तीत नोंदवावे. हात थरथरत असल्यास आपण सांगावे, नातवाने लिहावे. पुढे कधी आठवण अंधूक झालीच, तर आपण कोण हे इतरांना तर्काने ठरवावे लागू नये. ते आपल्याच शब्दांत त्यांच्या हाती असावे.