कादंबरी वाचणे म्हणजे टाइमपास आहे काय?

"आधी बाबासाहेब वाचा, मग बाकीचे!" सोलापुरात चळवळीच्या कोणत्याही बैठकीला जा, हे वाक्य कानावर पडतेच. बोलणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो, त्याने उमेदीची वर्षे चळवळीला दिलेली असतात. त्याच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण या वाक्याच्या पोटात दुसरे एक वाक्य लपलेले आहे : कथा-कादंबऱ्या हा पोट भरलेल्यांचा उद्योग, आपल्याला तेवढी फुरसत नाही. गेले वर्षभर आम्ही काही मित्र-मैत्रिणी ठरवून कादंबऱ्या वाचत आहोत. त्या काळात हे दुसरे वाक्य इतक्या जणांनी इतक्या प्रकारे ऐकवले की आता त्याला जाहीर उत्तर देणे भाग आहे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन कादंबरीला नाक मुरडणाऱ्यांनी निदान बाबासाहेबांचे चरित्र तरी नीट वाचावे. धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंद आहे की काही पुस्तकांनी बाबासाहेबांना आतून हलवले होते. कोणती पुस्तके? टॉलस्टॉयचे चरित्र, व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' आणि थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'. तीनपैकी दोन कादंबऱ्या! पावासाठी चोरी करून एकोणीस वर्षे तुरुंगात काढणारा ज्याँ वालज्याँ ज्या माणसाच्या काळजाला हात घालतो, तोच माणूस 'रुपयाचा प्रश्न' लिहितो, तोच संविधानाच्या मसुद्यातला एकेक शब्द तोलतो. त्या माणसाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. मग तो आम्हाला का दिसतो?

आणि ही गोष्ट सोलापूरकरांना तरी सांगावी लागू नये. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे तर होतेच, पण त्याच्या लगोलग वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढणे हेही होते. सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने बहिष्कृत समाजातील हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले ते आपल्या सोलापुरात. सोलापूर नगरपालिकेकडून त्याला महिना ४० रुपये अनुदान मिळे. त्या वसतिगृहातल्या मुलांनी काय केले असेल? त्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले! ज्यांच्या घरात त्याआधी पाटीसुद्धा आली नसेल अशा घरांतली ही पोरे. (मासिकाच्या नावावरून आज आपल्याकडे चार महिने भांडण चालले असते. त्या पोरांनी हाताशी होते ते नाव घेतले आणि लिहायला बसली.) २०२५ च्या जानेवारीत या वसतिगृहाला शंभर वर्षे पूर्ण झाली. एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या शहरात डीजेच्या किती भिंती उभ्या राहिल्या हे कोणीही बोटावर मोजून सांगेल. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी मासिक काढले होते हे किती जण सांगतील?

मुद्दा मिरवणूक बंद करण्याचा नाही. रस्त्यावर उतरणे हा आमचा हक्क आहे आणि तो फुकट मिळालेला नाही. मुद्दा एवढाच की वाचनाच्या परंपरेवर आमचा दावा मिरवणुकीइतकाच जुना आहे, आणि तो आम्ही आपल्या हाताने सोडून देत आहोत.

कसा सोडतो ते पाहा. विहारात काचेचे कपाट असते. त्यात 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे'चे खंड ओळीने लावलेले असतात. कपाटाला कुलूप, किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष गावाला! खंडांची छपाई रखडली तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, सरकारला जाब विचारला. आम्हीही सरकारवर तुटून पडलो, आणि ते बरोबरच होते. पण जे खंड छापून कपाटात आले त्यांच्या कुलपाचा जाब कोणाला विचारायचा? पुस्तक पूजेला ठेवले की ते वाचावे लागत नाही, ही सोय ब्राह्मणी धर्माने हजारो वर्षे वापरली. तीच आम्ही उसनी आणली आहे.

दुसरीकडे अभ्यासिका आहेत. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत भरलेल्या. पोरे वाचतात, डोळे फुटेपर्यंत वाचतात, पण काय? चालू घडामोडी, गाईड, प्रश्नसंच. त्यांना दोष देण्याइतके आम्ही निर्दय नाही. बाप वॉचमन, आई विड्या वळणारी, वयाची अट जवळ आलेली. त्या पोराला "कादंबरी वाच" म्हणणे त्याला चेष्टा वाटेल. तरीही विचारतो : मुलाखतीत निवडून जो अधिकारी होईल, त्याने तीस वर्षांच्या आयुष्यात स्वतःच्या वस्तीबाहेरच्या एकाही माणसाच्या मनात डोकावून पाहिलेले नसेल, तर त्याच्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या पारध्याच्या बाईशी तो कसा बोलेल?

आणि तिसरे संकट नवे आहे, चकचकीत आहे. जानेवारी आला की 'यंदा पन्नास पुस्तके' असा संकल्प सुटतो. गुडरीड्सवर आकडा लावायचा, इन्स्टावर पुस्तकांची चळत, बाजूला कॉफीचा मग. आपली पोरेही त्यात आहेत. आमच्यातल्याच एका मैत्रिणीने आकडा गाठण्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात फक्त शंभर पानांच्या आतली पुस्तके वाचली! हसू नका, हा कारखान्याचा हिशेब आहे. सोलापूरच्या गिरण्यांत असाच हिशेब होता, किती वार निघाले. कापड कोणाच्या अंगावर गेले हे विचारायचे नाही. पुस्तक वाचल्याने आपल्या बोलण्यात, वागण्यात, भांडण्यात काही फरक पडला का, हे कोणते अॅप मोजणार?

आता कादंबऱ्यांकडे येऊ.

तुळजापूर आपल्यापासून पंचेचाळीस किलोमीटर. तिथले देविदास सौदागर हे स्वतः शिवणकाम करणारे. त्यांच्या 'उसवण' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रेडिमेड कपड्यांनी गावातल्या शिंप्याचा धंदा कसा हळूहळू उसवत नेला, याची ही गोष्ट. पुस्तक छोटे आहे, भाषा साधी आहे, कुठेही भाषण नाही. पुण्या-मुंबईचा वाचक ती वाचून हळहळतो आणि बाजूला ठेवतो. सोलापूरच्या वाचकाला ती सुविधा नाही. कारण शाळेचे गणवेश शिवून देशभर पाठवणारे शहर हेच! तुळजापूरच्या शिंप्याला जे रेडिमेड बुडवते, त्याच रेडिमेडवर आपल्या वस्तीतल्या कितीतरी बायकांची चूल पेटते. नगावर मजुरी, पाठ मोडेपर्यंत मशीन. म्हणजे इकडे जिला काम मिळाले तिलाही पोटापुरते मिळत नाही, आणि तिकडे ज्याचे काम गेले तो तर गेलाच. मग नफा कोणाकडे गेला? आमच्या बैठकीत 'उसवण'वर बोलता बोलता ही चर्चा दोन तास चालली. त्यात भाग घेतला तो गणवेशाच्या कारखान्यात कटिंग करणाऱ्या पोराने. खाजगीकरण-जागतिकीकरणावरची आमची दहा व्याख्याने त्याने याआधी ऐकली होती. एकदाही तोंड उघडले नव्हते. एक कादंबरी समोर आली आणि तो बोलता झाला.

कोणी म्हणेल, 'उसवण' आंबेडकरी कादंबरी कुठे आहे? ठीक आहे, शिक्का नाही. पण बाबासाहेबांनी जातिव्यवस्था म्हणजे श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी असे सांगितले. त्या विभागणीत शेजारच्या खोलीत कोंडलेल्या माणसाला ओळखायचेच नाही, असा नियम आम्ही करणार आहोत काय?

नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' अशीच. लेखक मंगळवेढ्याला लागून असलेल्या जत तालुक्यातले. दुष्काळ, मेंढरे, आणि शिकायचेच म्हणून हट्ट धरलेला पोरगा. २०१८ चा युवा पुरस्कार तिला मिळाला. आणि २०२० च्या टाळेबंदीत तासिका तत्त्वावरची नोकरी गेल्यावर याच लेखकाला मजुरीवर जावे लागले, ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. पुरस्काराच्या वेळी टाळ्या वाजवणारे साहित्यिक जग तेव्हा काय करत होते, हा प्रश्न आहेच. पण आमच्यापैकी किती जणांनी त्याची कादंबरी विकत घेतली होती, हाही प्रश्न आहे.

तिसरी कादंबरी आपल्या घरची. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. 'अक्करमाशी' १९८४ ची. ती आपल्याकडे निदान नावाने तरी सर्वांना माहीत आहे. पण २०२० चा सरस्वती सन्मान त्यांना 'सनातन' या कादंबरीसाठी मिळाला. मराठीत हा मान त्याआधी फक्त तेंडुलकर आणि एलकुंचवार यांना मिळाला होता. सोलापुरात सत्काराचे फलक लागले असतील, पुस्तक वाचणारे मात्र आम्हाला शोधावे लागले!

'सनातन'बद्दल आमचे मतभेद आहेत आणि ते आम्ही लपवणार नाही. काही ठिकाणी पात्रे बोलायची थांबतात आणि लेखक बोलू लागतो. राग खरा आहे, पण तो पात्राच्या तोंडून यायला हवा होता तिथे व्यासपीठावरून येतो. तरीही या कादंबरीने जे धाडस केले ते मोठे आहे. ब्रिटिश अमदानीतल्या महारवाड्याचा इतिहास आमच्याकडे कशात आहे? वतनाच्या कागदात, पलटणीच्या यादीत, मिशनऱ्यांच्या अहवालात. या सगळ्यांत महार आहे, पण तो रात्री झोपताना काय विचार करत होता हे कुठेही नाही. कारण लिहिणारा तो नव्हता. त्या रिकाम्या जागेत शिरायचे तर पुरावा संपतो आणि कल्पना सुरू होते. लिंबाळे तिथे शिरले.

आणि इथेच आमचे मुख्य भांडण आहे. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये, मग 'अक्करमाशी'. आपल्याच जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, महूदला जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आले. या पुस्तकांनी मराठी साहित्याची झोप उडवली. पण प्रस्थापितांनी त्यातून एक सोयीचा नियम काढला : दलिताने साक्ष द्यावी, कल्पना आम्ही करू! आमच्या लेखकाने स्वतःचे भोगणे लिहिले की "किती अस्सल" म्हणून डोळे पुसायचे, आणि त्याने कादंबरी लिहिली, पाटलाच्या किंवा भटजीच्या मनात शिरून लिहिले, की "अनुभवाचा कस नाही" म्हणायचे. सवर्ण लेखक सगळ्या गावाचे, सगळ्या जातींचे बेलाशक लिहितो. त्याला कोणी दाखला मागत नाही. नेमाड्यांची 'हिंदू' पाहा. साऱ्या उपखंडाचा पसारा कवेत घेण्याचा अधिकार त्यांनी कोणाला विचारून घेतला? घेतला, बस्स. त्यांच्या देशीवादाशी आमचे जमत नाही. जी अडगळ त्यांना समृद्ध वाटते तिच्याखाली आमची माणसे चिरडली गेली. म्हणूनच 'हिंदू' वाचलीच पाहिजे, हातात पेन्सिल घेऊन वाचली पाहिजे. न वाचता शिव्या देणे हे आळशाचे काम.

दुःखाची गोष्ट अशी की हा नियम आता आमचेच वाचक पाळतात. आत्मकथन दिसले की हात जातो, कादंबरी दिसली की "खरी घडलेली आहे का?" विचारतात. अण्णा भाऊंनी १९५९ मध्ये 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, ती कादंबरीच होती. बाबुराव बागुलांची 'सूड' ही कल्पनेचीच. त्यांना आपण घडलेले-न घडलेले विचारत नाही. मग आज लिहिणाऱ्या पोरीला का विचारता? सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या तीन-चार पिढ्या झाल्या. त्यांच्यातल्या एकीच्या डोक्यातून सुरू होणारी, तिचे प्रेम, तिची लबाडी, तिचे हिशेब, तिचे राजकारण सांगणारी कादंबरी आपल्या वस्तीतून यायची असेल, तर आधी तिच्यासाठी वाचक तयार असावा लागेल. मराठी प्रकाशक नव्या लेखकाच्या पाचशे-हजार प्रती काढताना दहा वेळा विचार करतो. त्या पाचशेतल्या पन्नास सोलापुरात खपतील, अशी परिस्थिती आम्ही निर्माण करू शकत नाही का? वर्गणीचे आकडे आम्हालाही ठाऊक आहेत, मित्रांनो.

म्हणून या वर्षी आम्ही आकडा ठरवलेला नाही. दोन महिन्यांला एक कादंबरी, सगळ्यांनी मिळून. प्रत विकत घ्यायची, पीडीएफ फिरवायची नाही. लेखक आपला असेल तर मुळीच नाही. तीन जणांत एक प्रत चालेल. बैठकीत पहिला अर्धा तास पुस्तकाची स्तुती करायला बंदी, कारण स्तुतीने चर्चा मरते. ज्याने पुस्तक अर्धवट सोडले त्याने यायचे आणि कुठे सोडले ते सांगायचे. तो पुष्कळदा पूर्ण वाचणाऱ्यापेक्षा जास्त सांगून जातो. विचारधारेच्या ग्रंथांची बैठक वेगळी आहेच, ती बंद होणार नाही. ज्यांना "आधी बाबासाहेब" म्हणायचे आहे त्यांनी तिथे यावे, खंड आमच्याकडे कुलपाबाहेर आहेत.

'सनातन'वरचे भांडण अजून मिटलेले नाही, ते पुढच्या बैठकीतही चालेल. त्यानंतर गावातल्या दलित-सवर्ण संघर्षावरची राजन गवस यांची 'तणकट' घेतली आहे. लेखक आपला नाही, २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, आणि आमच्या माणसांचे चित्र त्यात कितपत खरे उतरले आहे यावर आत्तापासूनच दोन तट पडले आहेत. मिलिंद नगरच्या पोरांनी दोन प्रती आणल्या, आणखी तीन हव्या आहेत. ज्याच्या घरी पडून असेल त्याने घेऊन यावे.

जय भीम!