हप्त्याच्या गणितातली माणसं

विम्याचा हप्ता किती असावा हे ठरवणाऱ्या गणितज्ञाला अ‍ॅक्च्युअरी म्हणतात. ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया’ त्यांच्या परीक्षा घेते, आणि त्या पार करताना भल्याभल्यांची ऐन तारुण्यातली वर्षं खर्ची पडतात. उभी हयात बँकेत गेल्यामुळे असली गणितं मला कादंबरीइतकीच वाचनीय वाटतात. त्यातल्या एका प्रकाराचा नमुना सोप्या आकड्यांत मांडतो.

शंभर विमाधारक. नव्वद धडधाकट, त्यांच्या उपचारांचा अपेक्षित खर्च वर्षाला माणशी २,००० रुपये. दहा आजारी, त्यांचा २०,०००. कंपनीचा खर्च आणि नफा बाजूला ठेवला, तर सर्वांना सारखा हप्ता ३,८०० रुपये पडतो. धडधाकटांना तो जड वाटतो, त्यातले चाळीस बाहेर पडतात. उरलेल्या साठांचा हप्ता ५,००० होतो. मग आणखी काही जातात. शेवटी दहा आजारी आणि २०,००० चा हप्ता उरतो. परीक्षार्थी लिहितो : जोखमीनुसार हप्ता वेगळा ठेवावा. गुण पूर्ण!

उत्तर बरोबर आहे. कंपनी त्याने वाचते. पण हप्ता वेगळा ठेवला तरी त्या दहा जणांच्या वाट्याला २०,००० च आले की! आणि हे दहा कोण? बहुतेक वेळा त्या नव्वदांतलेच, तीस वर्षांनी म्हातारे झालेले. प्रश्नपत्रिकेत माणसाचं वय वाढत नाही.

आरोग्यविम्यात आज हेच चाललं आहे. २०२४ मध्ये नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट गेली. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने सांगितलं, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला. हे सगळं चांगलंच. पण करमाफीचा दिलासा एकदाच मिळतो, आणि दरसाल १० टक्क्यांनी वाढणारा हप्ता आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो. ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्याचं उत्पन्न तसं होत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की वाढीची परवानगी मागणाऱ्या कंपनीकडून एक आकडा घ्यावा आणि तो जाहीर करावा : मागच्या वाढीनंतर सत्तरीपुढचे किती जण पॉलिसी सोडून गेले? थकलेल्या कर्जांचे तक्ते आम्ही बँकेत दर तिमाहीला भरत होतो. हा तर एका ओळीचा तक्ता आहे.