पिलाला हाड नको, गाजर द्या

ज्या घरी राखणीला कुत्रे नाही असे शेतकऱ्याचे घर आपल्या खानापूर-बेळगाव भागात सहसा सापडायचे नाही. पावसाळा सरता सरता गल्लोगल्ली पिले दिसू लागतात. दिवाळीच्या सुमारास मुले त्यांतले एखादे उचलून घरी आणतात, आईची थोडी बोलणी खातात आणि पिलू घरचे होऊन जाते. नाताळ येईपर्यंत ते चार महिन्यांचे होते. नेमके याच वयात त्याचे दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि दिसेल त्या वस्तूवर ते तुटून पडते. आणि याच दिवसांत आपल्या घरांतून कोंबडीची, मटणाची, डुकराच्या मांसाची हाडे पानापानांतून निघतात. आज आम्ही लिहीत आहोत ते या दोन गोष्टींच्या गाठीविषयी.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नाताळच्या दुसऱ्या दिवशी पॅरिशच्या घरी जेवण झाल्यावर कोंबडीची हाडे गोळा करून आम्ही आमच्याच हाताने अंगणातल्या पिलापुढे टाकली. ते शेपूट हलवीत खाऊ लागले आणि आम्हांला बरे वाटले. रात्री ते ओकू लागले. सकाळी पोट फुगले, पाणीही घेईना. गुरांच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. हाडाच्या कपचीने आतड्याला भोक पडले होते. तिसऱ्या दिवशी पिलू गेले. चार पुस्तके शिकलेल्या आम्हांला जे ठाऊक नव्हते, ते इतरांना ठाऊक असेलच असे धरून कसे चालेल?

पुष्कळ लोक म्हणतात, "कुत्र्याची जात, हाड खाणारच. आमच्या आजोबांची कुत्रीही हाडेच खात होती." हे म्हणणे अगदी खोटे नाही. पण आजोबांची किती पिले गेली याचा हिशेब कोणी ठेवला होता? पिलू मेले की "काहीतरी खाल्ले असेल" म्हणून आपण मोकळे होतो. ते काहीतरी पुष्कळदा आपणच दिलेले असते. शिजवलेले हाड कोरडे व ठिसूळ होते आणि दाताखाली त्याच्या सुईसारख्या कपच्या निघतात. कच्चे हाड तितके फुटत नाही, पण ते पिलाच्या दाताला भारी. शिवाय बकऱ्या-मेंढ्यांच्या कच्च्या काळजात, फुप्फुसात कधी कधी पाण्याच्या गाठी असतात. त्या कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, भाजीवर व मुलांच्या हातांवर येतात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: दात बदलत असलेल्या पिलाला शिजलेले वा कच्चे, कोणतेच हाड देऊ नये.

आता दातांचे गणित पाहू. पिलू जन्मते तेव्हा त्याला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात व दोन महिन्यांत ते 28 होतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 दात पुरे होतात. पडलेला दात पिलू गिळते, त्याची काळजी नको. चघळलेल्या वस्तूवर रक्ताचा एखादा ठिपका दिसला तरी घाबरू नये. पण सात महिने झाले तरी दुधाचा सुळा पडला नाही आणि शेजारी नवा सुळा उभा असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कायमचा दात मोडला तर पुन्हा येत नाही, हे मात्र पक्के ध्यानी ठेवावे.

चघळायला काय द्यावे? आम्ही चार कसोट्या सांगतो. पहिली, अंगठ्याचे नख दाबले असता वस्तूवर खूण उमटली पाहिजे. खूण उमटत नसेल तर ती दातापेक्षा कठीण समजावी. शिंग, खूर, दगड या कसोटीत नापास. दुसरी, ती पिलाच्या तोंडात सबंध मावू नये. तिसरी, तिचे तुकडे, कपच्या वा धागे निघू नयेत. चौथी, पिलू चघळत असताना घरातले कोणीतरी जवळ असावे.

या कसोट्यांना उतरणाऱ्या वस्तू महाग नाहीत. एक जाड, सबंध गाजर धुऊन थंड करून द्यावे. चकत्या करू नयेत, त्या घशात अडकतात. लहान तुकडा उरला की काढून घ्यावा. स्वच्छ जुन्या पंचाला घट्ट गाठ मारून, भिजवून, माठाखाली किंवा फ्रिजमध्ये गार करून दिला तर हिरड्यांना फार आराम पडतो. धागे सुटू लागले की तो टाकून द्यावा. शहरात जाणे झाले तर कुत्र्यांसाठी मिळणारे नरम, भरीव रबराचे खेळणे आणावे. दुकानात कातड्याच्या गाठी मारलेली पांढरी हाडे टांगलेली असतात. ती घेऊ नयेत. ओली झाली की फुगतात आणि त्यांचा गोळा घशात किंवा आतड्यात अडकतो. आणि हा सारा खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावा. पोट भाकरी-भाताने व अंड्या-मांसाने भरावे, खाऊने नव्हे.

शेतकऱ्याच्या घरातले धोके वेगळे आहेत. मक्याचे बुरकुंड आणि आंब्याची कोय आतड्यात अडकते. गोणपाटाचे व सुतळीचे धागे आतडे गोळा करतात. गुदद्वारातून धागा लोंबत असेल तर ओढू नये, दवाखाना गाठावा. कच्च्या काजूबीच्या टरफलातले तेल तोंड भाजते. खताची पोती, उंदरांचे औषध, औषध चोळलेले बियाणे आणि मोटारीची वायर पिलाच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवावी. कांदा, लसूण आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. मनुकाही तशाच. तेव्हा नाताळचा मनुका घातलेला केक मुलांनी प्रेमाने भरवला तरी तो घात ठरू शकतो.

पिलू चप्पल चावते म्हणून त्याला काठीने मारणारे आम्ही पाहिले आहेत. ती खोडी नव्हे, हिरडीची कळ आहे. चप्पल उचलून ठेवावी आणि गाजर पुढे करावे, एवढेच. मात्र हात चावू देण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये. दात लागून रक्त आले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तिखट भरू नये. "एवढेसे तर पिलू" असे म्हणू नये, पिसाळ रोग पिलालाही होतो. त्यावरची लस पाश्चर यांनी 1885 साली माणसाला प्रथम दिली. इतक्या वर्षांनीही लस न घेतल्याने माणसे मरतात, ही लाजेची गोष्ट आहे. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचून घ्यावी, आणि जंताचे औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी द्यावे.

काही जण म्हणतील, माणसांच्या औषधाला पैसा पुरत नाही, तिथे कुत्र्याचे लाड कुठे? पण आम्ही खर्च सांगितलेलाच नाही. एक गाजर, एक जुना पंचा आणि थोडे लक्ष. जो प्राणी रात्रभर आपले शेत राखणार आहे, त्याच्यासाठी एवढे करणे म्हणजे लाड नव्हेत, ती त्याची मजुरी आहे.

येत्या नाताळला प्रत्येक घराने एक काम करावे. जेवणे उरकल्यावर हाडे उकिरड्यावर न फेकता हातभर खोल खड्ड्यात पुरावी व वर दगड ठेवावा. हे काम घरातल्या मुलाकडे द्यावे, आणि पिलाला गाजर देण्याचेही त्याच्याचकडे. आमच्या अंगणात आता दुसरे कुत्रे आहे. आमच्याकडून त्याला हाड मिळत नाही, आणि तरीही ते रात्री जोरात भुंकते.