होय, मी अलिबागहून आलोय!

थट्टा कशी सोसावी या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार अख्ख्या महाराष्ट्रात कोणाला असेल, तर तो आम्हा अलिबागकरांना. मुंबईत रिक्षावाल्याने जास्त पैसे मागितले, पुण्यात दुकानदाराने वजनात मारलं, नागपुरात मेव्हण्याने उसने मागितले, की समोरचा माणूस छाती पुढे काढून विचारतो, "मी काय अलिबागहून आलोय?" वास्तविक माणसं सांगलीहून येतात, सोलापूरहून येतात, साकोलीहूनसुद्धा येतात. पण भोळसटपणाचा दाखला फक्त आमच्याच नगरपालिकेत मिळतो अशी एकंदर समजूत आहे. ज्या गावाच्या समोरच्या दर्यात आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रजांना आणि पोर्तुगीजांना पाणी पाजलं, त्या गावाच्या नशिबी हे यावं!

शेवटी २०१९ साली प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं. या वाक्यावर बंदी घाला, अलिबागकरांचा अपमान होतो, असा अर्ज पडला. जुलै महिन्यात मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फेटाळला. म्हणणं थोडक्यात असं, की विनोद सगळ्यांवरच होतात, अपमान मानून घेऊ नका. झालं. आम्ही निकाल मुकाट्याने मान्य केला. त्यानंतर काही दिवसांतच आमच्या काउंटरवर एका गृहस्थांनी पैसे भरण्याची स्लिप तिसऱ्यांदा चुकवली. मी ती परत केली, तर म्हणाले, "उगाच फेऱ्या मारायला लावू नका, मी काय अलिबागहून आलोय?" मी स्लिपवरचा पत्ता पाहिला. मुक्काम चेंढरे, तालुका अलिबाग.

हा सगळा पूर्वेतिहास अशासाठी सांगितला, की आता मी ज्या लोकांशी भांडणार आहे त्यांनी 'तुला काय कळतंय' असं म्हणू नये. मला भांडायचं आहे ते आवडत्या पुस्तकाची कोणी थट्टा केली की ज्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, त्या भक्त वाचकांशी.

हल्ली पोरांमध्ये एक नवा उद्योग निघालाय. एखादी पुस्तकांची मालिका घ्यायची, तिच्यातल्या पात्रांची कार्टून काढायची, ती कॉम्प्युटरवर हलवायची आणि मागून आपण मालिकेतल्या गमतीजमतींवर बोलत राहायचं. माझा भाचा यात तरबेज आहे. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे वेळ भरपूर. दिवाळीच्या सुट्टीत त्याने भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर असा दहा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यासाठी माझ्या कपाटातली फेणेची पुस्तकं तो आधी पिशवी भरून घेऊन गेला आणि एकूण एक वाचून परत घेऊन आला. उसनं नेलेलं पुस्तक परत आणणारा माणूस मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

व्हिडिओत काय होतं? फुरसुंगीचा बनेश फेणे, अंगाने काडी, पायाखाली सायकल, तोंडात 'ट्टॉक'. भाच्याचे प्रश्न साधे होते. हा मुलगा पुण्याच्या शाळेत शिकतो, तर शाळेत असतो कधी? याच्या हजेरीपटावर वर्गशिक्षक काय लिहीत असतील? 'जवानमर्द फास्टर फेणे'मध्ये तर स्वारी चिनी आक्रमणाच्या वेळी थेट सरहद्दीवर. आमच्या इथल्या मुलाला सहलीला पाठवायचं तर घरून सहीची चिठ्ठी लागते, फेणेला सरहद्दीवर जायची चिठ्ठी कोणी दिली? आणि महाराष्ट्रातले यच्चयावत चोर नेमके हा सुट्टीवर येईल तिथेच चोरी करायला का थांबून राहतात? इतकी पुस्तकं झाली, तरी एकाही चोराला 'ट्टॉक' ऐकल्यावर पळून जावं हे कसं सुचत नाही? शेवटच्या चित्रात फेणे चाळिशीचा झालाय, पोट सुटलंय आणि तरीही तो हाफ पँट घालून शाळेत बसलाय. मी हसून हसून खुर्चीवरून खाली यायचा बाकी होतो.

मग भाच्याने तो संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर चारचौघांना दाखवला. तिथे वाचकांचे तीन वर्ग पडले.

पहिला वर्ग संतापलेल्यांचा. एक निवृत्त साहेब म्हणाले, "आमच्या बालपणाची ही टिंगल? तुमच्या पिढीला पवित्र असं काही राहिलंच नाही!" दुसरे म्हणाले, "भागवत हयात असते तर काय वाटलं असतं त्यांना?" मी साहेबांना सहज विचारलं, "अप्पा, फेणेच्या मामेबहिणीचं नाव काय हो?" अप्पा समुद्राकडे बघायला लागले. ओहोटी होती, कुलाब्याच्या किल्ल्याकडे माणसं चालत निघाली होती. पुष्कळ वेळ पाहिल्यावर अप्पा म्हणाले, "प्रश्न नावाचा नाही, भावनेचा आहे." भाचा हळूच म्हणाला, "माली."

दुसरा वर्ग चुका काढणाऱ्यांचा. यात एकच माणूस होता, आमच्या आळीतला टेलर. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाला, "सगळं झकास आहे, पण 'ट्टॉक'मधला ट तू एकच लिहिलास. तो जोडट आहे. एका ट ने तो आवाजच येत नाही." आणि त्याने जीभ टाळ्याला लावून आवाज काढून दाखवला. भेळवाल्याने वळून पाहिलं.

तिसरा वर्ग तरुणांचा. ते खदखदून हसले आणि म्हणाले, "भारी! आता पुस्तक वाचायची गरज नाही."

आता या तिघांत पुस्तकाचा मित्र कोण आणि वैरी कोण? मी बी.कॉम. झालेला माणूस, मला भावनेतलं कमी कळतं. मी खात्याच्या भाषेत सांगतो.

बचत खात्यात दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलंच नाही, तर त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या एका फंडात जातात. आता पुष्कळ खातेदार म्हणतात, "अहो, पण दर तिमाहीला व्याज जमा होतं की!" होतं. पण ते बँकेने आपणहून टाकलेलं. तो व्यवहार खातेदाराचा नव्हे, म्हणून तो धरत नाहीत. खातेदाराने स्वतः येऊन शंभर रुपये भरले पाहिजेत, किंवा शंभर रुपये काढले पाहिजेत. नीट लक्षात घ्या. काढले तरी चालतात! काढणं हासुद्धा व्यवहारच आहे.

आपले अप्पा म्हणजे आपोआप जमा होणारं व्याज. जयंतीला हार, पुण्यतिथीला दोन ओळी, मधूनमधून 'आमच्या वेळचं वाङ्मय ते वाङ्मय'. आकडा वाढतो, खातं मात्र झोपलेलं. भाच्याने थट्टा केली म्हणजे खात्यातून पैसे काढले असं तुम्ही म्हणा पाहिजे तर. पण तो खिडकीशी आला, त्याने पासबुक उघडलं, सही केली. खातं जिवंत झालं. टेलरने तर जोडट भरून वर जमाही केली.

आणि ही गोष्ट काही माझ्या भाच्याने शोधून काढलेली नाही. शेरलॉक होम्सचं उदाहरण घ्या. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका विद्वानाने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये होम्सच्या गोष्टींवर मोठा गंभीर चेहरा करून निबंध वाचला. वेदांवर भाष्य लिहावं तसं त्या गोष्टींवर भाष्य, आणि आतून सगळी थट्टा. पुढे अशा भाष्याचा खेळच झाला. डॉक्टर वॉटसनना पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागते आणि दुसरीत पायाला, मग ती नक्की लागली कुठे? यावर भल्या भल्या इंग्रज गृहस्थांनी डोकी झिजवली. आणि कॉनन डॉइलसाहेबांनी काय केलं? नॉक्सला नोटीस पाठवली? छे. आपल्यापेक्षा तुम्हालाच या गोष्टी जास्त ठाऊक आहेत अशा अर्थाचं मजेचं पत्र पाठवलं. 'लेखकाला काय वाटलं असतं' हे विचारणाऱ्यांनी हे पत्र आठवावं. लेखकाला बहुधा बरं वाटतं. आपण लिहिलेलं कोणीतरी इतकं बारकाईने वाचलं, याहून लेखकाला आणखी काय पाहिजे असतं? दुखतं ते लेखकाच्या वतीने वटमुखत्यारपत्र घेतलेल्यांना.

इंग्लंड लांब पडत असेल तर पुण्याला या. १९२०च्या दशकात रविकिरण मंडळाचे कवी ऐन भरात होते. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश. तेव्हा आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' काढली आणि त्या काळच्या कवितांच्या तऱ्हांची यथेच्छ टर उडवली. आता मला सांगा, ज्याला मूळ कविता माहीत नाही त्याला विडंबनात हसू कुठे येणार? विडंबन चालतं याचा अर्थच मूळ माल लोकांच्या घरोघर पोचलेला आहे. खोट्या नोटा नेहमी चलनातल्या नोटांच्याच निघतात, पावणेदोन रुपयांची खोटी नोट कोणी छापत नाही. आणि झेंडू झाला तरी दसऱ्याला तो दारावरच लागतो, उकिरड्यावर नव्हे.

उलट, ज्यांची थट्टासुद्धा होत नाही त्यांचं काय होतं ते पाहा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकात नाव गेलं. झुंजार, धनंजय, काळा पहाड यांच्या नावाने एका पिढीने गणिताच्या पुस्तकात लपवून रात्री जागवल्या. त्यांतली किती पुस्तकं आज मिळतात हे एकदा दुकानात जाऊन विचारा. विचारताना दुकानदार तुमच्याकडे कसा पाहतो तेही पाहा. झुंजारची कार्टून काढून एखाद्या पोराने त्याची दहा मिनिटं टिंगल केली, तर मी त्या पोराला माझ्या खर्चाने जिताड्याचं जेवण घालीन.

तिसऱ्या वर्गाला, म्हणजे 'आता वाचायची गरज नाही'वाल्यांनाही मी सोडणार नाही. बाबांनो, दुसऱ्याचं पासबुक बघून हसणाऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही. पण यांच्यावर माझा राग कमी. कारण हसलेला माणूस केव्हातरी कुतूहलाने पुस्तकाकडे वळू शकतो. दटावलेला मुलगा वळत नाही.

इथे माझं खरं दुखणं आहे. त्या संध्याकाळनंतर अप्पांनी ताईला फोन केला, "मुलाला वळण लावा." ताईने भाच्याला झापलं, भाच्याने व्हिडिओ पुसून टाकला. त्याच्या वर्गातल्या साठ मुलांत फेणेची वीसेक पुस्तकं ओळीने वाचलेला तो बहुतेक एकटाच असेल. हल्ली तो हॅरी पॉटरवर व्हिडिओ करतो. मी म्हटलं, "अरे, आपलं काहीतरी घे ना." तर म्हणतो, "मामा, तिकडे कोणी घरी फोन करत नाही." अप्पांनी मराठी पुस्तकाचं रक्षण केलं ते असं. एक मराठी वाचक होता, तो विलायतेला पाठवून दिला.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा पुष्कळांनी बाहेरून पाहिली असेल. ती १९०४ साली इथे का आली ठाऊक आहे? आधी ती मुंबईला कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या ट्रामने वेधशाळेच्या नाजूक सुया हलणार. तेव्हा सरकारने ट्रामवर बंदी घातली नाही. सुया उचलल्या आणि अलिबागला आणल्या. मुंबईची ट्राम पुढे १९६४ पर्यंत धावली, आणि सुयाही इथे सुखरूप राहिल्या. ज्यांच्या भावनांच्या सुया इतक्या नाजूक आहेत, त्यांनी त्या खुशाल सुरक्षित जागी हलवाव्यात. आमच्या गावाला त्याची सवय आहे. पण ट्राम थांबवा म्हणू नये. तिच्यात पोरं बसली आहेत.

आणि एवढं सांगूनही ज्यांना रागवायचंच आहे, त्यांनी जरूर रागवावं. फक्त नियमाप्रमाणे. निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला केवायसी लागते, ती इथेही लागेल. फेणेचं पाळण्यातलं नाव, मूळ गाव, मामेबहिणीचं नाव, आणि 'ट्टॉक'मध्ये ट किती. चारही बरोबर आले तर तुमची तक्रार मी स्वतः नोंदवून घेईन. नाही आले तर पुस्तक घेऊन जा, वाचा आणि मग या. काउंटर चारपर्यंत उघडा असतो.