भान आहे तोवरच

१९७४ च्या रेल्वे संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९ रोजी गेले. त्यापूर्वीची अनेक वर्षे स्मृतिभ्रंशाने त्यांना सार्वजनिक जीवनातून, आणि हळूहळू स्वतःपासूनही, दूर नेले होते. त्यांनी कोणापाशी राहावे, त्यांना कोणी भेटावे, हा वाद २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्या वादातील बाजू तोलण्याचा आमचा हेतू नाही. सलते ते एवढेच, की ज्यांनी आयुष्यभर इतरांचे म्हणणे सभागृहांत आणि रस्त्यांवर मांडले, त्यांच्याच भवितव्याचा प्रश्न निघाला तेव्हा स्वतःचे म्हणणे मांडण्याची त्यांची शक्ती ओसरलेली होती.

देशाला ठाऊक असलेल्या नेत्याच्या बाबतीत असे होते, तर मुखेडच्या अल्पभूधारकाचे किंवा निलंग्याच्या निवृत्त शिपायाचे काय होत असेल, याचा विचार आपण कार्यकर्त्यांनी क्वचितच केला आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण हा आजार हसण्यावारी नेतो. वस्तुतः २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठी गाठलेल्या शंभर भारतीयांपैकी सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशात असे सुमारे ८८ लाख लोक आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. हा बंगल्यांत राहणाऱ्यांचा आजार आहे, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

नांदेड-लातूरकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. आपल्याकडे शेतीचा पुष्कळसा कारभार कागदाऐवजी वडीलधाऱ्यांच्या डोक्यात असतो. भावाभावांतली तोंडी वाटणी, बांधाची खूण, सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावे आणि फेडले कोणी, अडत्याकडे सोयाबीनचे किती येणे राहिले, निजामाच्या काळातला उर्दू कागद कोणत्या पेटीत आहे, हे सारे घरात एकालाच ठाऊक असते. त्याची स्मृती गेली की घराचे दप्तरच जळाल्यासारखे होते. मुले पुण्याला नोकरीस गेलेली, गावी राहिलेल्या पत्नीचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि बँकेचे खाते एकट्याच्या नावावर. अशा घरात तो माणूस सही विसरला, की औषधापुरते पैसे काढणेही कठीण होते.

मग लोक सोपा उपाय सांगतात, थोरल्याला कुलमुखत्यार करा. येथेच फसगत होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की मुखत्यारीही संपते. ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज लागते, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. इंग्लंडने १९८५ साली कायदा करून मनोविकलतेनंतरही टिकणाऱ्या मुखत्यारीची सोय केली. त्यांच्याच राजवटीत झालेला कायदा आपण मात्र या बाबतीत जसाच्या तसा चालवीत आहोत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने निश्चितच पुढचे पाऊल आहे. परंतु मनोरुग्णाच्या मिळकतीची व्यवस्था जिल्हा न्यायालयाकडून लावून घेण्याची १९८७ च्या कायद्यातील वाट नव्या कायद्यात राहिली नाही. त्यामुळे उच्च न्यायालयात अर्ज करून पालकत्व मिळविण्याची पाळी कुटुंबांवर येते. किनवटच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बायकोने औरंगाबाद खंडपीठाची पायरी कशी चढावी?

म्हणून निदानानंतरचे पहिले महिने मोलाचे असतात. विसराळूपणा थायरॉइडच्या विकाराने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा नैराश्यानेही येतो. तेव्हा प्रथम नांदेडच्या वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी व्हावी. निदान स्मृतिभ्रंशाचेच झाले, तरी त्या दिवसापासून माणूस कायद्याच्या लेखी मुका होत नाही. व्यवहार करतेवेळी त्याला त्याचा अर्थ आणि बरेवाईट कळत होते काय, हे कायदा पाहतो. हे भान आहे तोवर मृत्युपत्र करावे. त्यास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा. बँकेचे खाते दोघांपैकी कोणालाही चालविता येईल असे संयुक्त करावे. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावून घ्यावे. त्यासाठी ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. उपचाराच्या बाबतीत आपल्या वतीने पुढे कोणी बोलावे, हे २०१७ च्या कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरविता येते. ज्येष्ठाला जमीन मुलाला बक्षीस द्यायचीच असेल, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येते. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे, एक वही घेऊन येणे-देणे, गट क्रमांक, कागदांच्या जागा त्या माणसाच्या तोंडून उतरवून घ्याव्यात.

पण या घाईला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. आजाऱ्याची सोय करणे आणि आजाऱ्याकडून सही काढून घेणे, यांतला फरक बाहेरून दिसत नाही. ‘आबा आहेत तोवर उरकून घ्या’ असे म्हणणाऱ्यांत सेवा करणारी लेक असते, तसा बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेणारा भाऊही असतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मिळालेला समान हक्क अशाच घाईत बुडतो. सावकार तर अंगठ्याची वाटच पाहत असतो. कसोटी एकच आहे. ज्याची जमीन, त्याला प्रथम विचारले काय? तो ओसरीवर बसलेला असतो आणि माजघरात त्याच्या जमिनीची बोलणी चालतात, हे दृश्य कार्यकर्त्यांच्या घरांतूनही दिसते, हे आपण मान्य करू या. तो ताजातवाना असताना, पत्नी आणि मुली समोर असताना, पुन्हा पुन्हा समजावून विचारून जे लिहिले जाते, तेच खरे नियोजन होय.

शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मनोविकलतेनंतरही टिकणाऱ्या, परंतु न्यायालयाच्या देखरेखीखाली राहणाऱ्या मुखत्यारीचा कायदा व्हावा. अशा रुग्णांच्या मिळकतीसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्हा न्यायालयाला स्पष्टपणे द्यावा. निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी भान हरपलेल्या वृद्धांना कचेरीपर्यंत न्यावे लागू नये. पण कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे आपल्याला शोभणारे नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो; ही माहिती आपल्या किती शाखांनी वस्तीपर्यंत पोचविली आहे?

ज्यांना आवाज नाही त्यांच्या वतीने बोलणे हे आपण आपले काम मानतो. ज्याचा आवाज हळूहळू जात आहे, त्याचे म्हणणे तो सांगू शकतो तोवर ऐकून घेणे, हेही त्याच कामात मोडते. प्रत्येक शाखेने या महिन्यात आपल्या गावातले असे एक तरी घर शोधावे आणि तेथे जाऊन बसावे.